दोन बोटं उंच

साल एकोणीसशे सात. हिवाळा सरत आला होता, पण उन्हात अजून जोर नव्हता. अशाच एका दिवशी माझा जन्म झाला. मी बूट बोलतोय. डाव्या पायाचा. माझा तळ दोन बोटं उंच आहे. ती चूक नाही. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा तंटा त्यावरूनच झाला.

उजवा माझा भाऊ. त्याचा तळ सरळ, स्वभावही सरळ. तो बोलत नाही, म्हणून मला बोलावं लागतं.

आज आम्ही पालिकेच्या कपाटात नाही. मोच्याच्या दुकानात खुंटीला आहोत. दया नको. नीट ऐकून घ्या.

ज्याच्यासाठी आम्ही झालो त्याचा पुतळा आता गावच्या चौकात आहे. तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं. देशावर परक्यांचं राज्य होतं आणि ते उलथायला तो पायी निघाला होता. त्याचा डावा पाय जन्मापासून आखूड. बुटात चिंध्या कोंबून तो चालत आला. वेशीतून आत शिरला तेव्हा चिंध्या रक्तानं भिजल्या होत्या. मुख्य रस्त्यावर एकही दार त्याच्यासाठी उघडलं नाही. चामड्याच्या गल्लीत एक दार उघडंच होतं, कारण आत कातडी भिजत घातली होती आणि वासाला बाहेर जायला वाट हवी होती.

दुकान मोच्याचं. त्यानं पाय पाहिला. कोण, कुठला, काही विचारलं नाही. जाड कातड्याचे थर चिकटवून, खिळे ठोकून त्यानं माझा तळ चढवला. शिवण घातली त्याच्या लेकीनं. ऐन तारुण्यातली पोर, पण टाका असा ओढायची की दोरा कण्हायचा. दिवस कलायच्या आत आम्ही दोघं भाऊ त्याच्या पायांत होतो. तो उठला, दुकानात इकडून तिकडे चालला आणि स्वतःशीच हसला.

मोच्यानं मोल सांगितलं नाही. त्या माणसानं खोटं सांगितलं नाही.

"द्यायला माझ्याजवळ काही नाही," तो म्हणाला. "पण काम फत्ते झालं, की याच बुटांनी चालत येईन. तुमच्या दारात उभा राहून टोपी काढीन."

"या," मोची म्हणाला. एवढंच.

काम फत्ते झालं. राज्य उलथलं. मी ते सगळं जमिनीवरून पाहिलं, चिखलातून आणि काचांवरून. राजधानीत त्याला मोठं दालन मिळालं. चित्रकार यायचे. ते त्याला कायम खुर्चीत बसवून रंगवायचे, पाय टेबलाआड. त्या गावाला जायचंय, असं तो अधूनमधून म्हणायचा. कामाच्या रगाड्यात राहून गेलं आणि एक दिवस तोच गेला. मी त्याला बोल लावत नाही. पण शब्द तो शब्द, आणि तो मी ऐकला होता.

त्याच्या शेवटच्या इच्छेप्रमाणे आम्हाला या गावी धाडलं. आणणाऱ्याला गल्ली ठाऊक नव्हती. त्यानं आम्हाला पालिकेत दिलं. तोवर मोचीही गेला होता. मरेपर्यंत त्यानं दुकानाचं दार उघडं ठेवलं. लोकांना वाटायचं, वासासाठी.

मग उत्सव सुरू झाला. चौकात पुतळा बसला, दोन्ही पाय अगदी सारखे. दरवर्षी त्याच्या जन्मदिवशी गावातला एक जण त्याच्यासारखी टोपी आणि लांब कोट घालून, आम्हाला पायांत चढवून वेशीपासून चौकापर्यंत चालतो. पुढं बँड, मागं शाळा. गेली कित्येक वर्षं हा मान बेकरीवाल्याचा. त्याचं नाक थेट नेत्यासारखं, आणि पायाचं माप जुळतं. पहिल्या वर्षी तो माझ्यामुळे बदकासारखा चालला आणि मला आईबहिणीवरून बोलला. पुढं चाल त्याच्या अंगात मुरली. शिव्याही मुरल्या.

उत्सवाआधी आम्हाला तेल द्यायला त्याच दुकानात नेत. दुकान आता मोच्याची लेक चालवायची. पोर म्हातारी झाली होती, सगळी गल्ली तिला आत्या म्हणायची. टाका मात्र तोच. बेकरीवाला माप बघायला आला की ती एकच वाक्य ऐकवायची, हे बूट या दारात यायचे राहिलेत.

"येतात की दरवर्षी, पिशवीतून," तो म्हणायचा.

"पिशवीतून भाजी येते. माणूस पायानं येतो."

मिरवणूक गल्लीत कधी वळली नाही. पाहुण्यांच्या नाकाला सोसायचं नाही म्हणे.

एकोणीसशे एकसष्टला राजधानीतून फिल्म काढणारे येणार असं ठरलं. उत्सव समितीचे अध्यक्ष, कापडाचे मोठे व्यापारी, स्वतः नाकाला रुमाल लावून दुकानात आले. म्हणाले, सगळा देश बघणार, तेव्हा डाव्याचा तळ कापून सरळ करा. आपला नेता लंगडताना दिसला तर बरं दिसत नाही. तो लंगडायचा हे त्यांनाही माहीत होतं. गावात सगळ्यांनाच माहीत होतं.

"तळ कापायची सुरी माझ्याकडे नाही," आत्या म्हणाली. सुरी तिच्या मांडीवर होती.

अध्यक्ष सुरीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, दुकान पालिकेचं आहे. उत्सव झाला की भाडेकराराचं बघावं लागेल."

"दुकान घेऊन जा. तळ मिळणार नाही."

"मग नवे बूट आणतो. हे ठेवा तुमच्याकडे, लोणचं घाला."

ते गेल्यावर आत्यानं मला हातात घेतलं आणि तेल लावलं, नेहमीपेक्षा जोरात. बापाचं दुकान जाणार होतं. ती रडली नाही. मीही ताठच राहिलो. बुटाला तेवढंच जमतं.

उत्सवाच्या सकाळी बँड वाजायला लागला. आम्ही दोघं दुकानात बाकावर. वेशीपाशी काय झालं ते मागाहून बेकरीवाल्याच्या तोंडून ऐकलं. नव्या सरळ बुटांत तो सवयीनं लंगडला. सरळ तळावर ते लंगडणं प्यायल्यासारखं दिसलं. लोक हसले. फिल्मवाल्यानं यंत्र थांबवलं. अध्यक्षांनी दात आवळून सांगितलं, सरळ चाल. तो सरळ चालला. तेव्हा हसू थांबलं, पण टाळीही वाजेना. कडेला उभ्या एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "हा कोण गं? नेता मागून येतोय का?"

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बेकरीवाला थांबला. भर रस्त्यात खाली बसला, नवे बूट काढले आणि नुसत्या मोज्यांवर गल्लीत शिरला.

"आत्या, माझे बूट दे."

"तुझे?"

"बरं, त्याचे."

नाडी आत्यानं स्वतः बांधली. तो उठला आणि परत गल्लीच्या तोंडाशी गेला. तिथून पुन्हा दुकानाकडे वळला. अध्यक्ष आडवे आले.

"मिरवणूक इकडून जात नाही."

"मिरवणूक तिकडूनच न्या," बेकरीवाला म्हणाला. "मी इकडून जातोय."

आम्ही चाललो. एक पाऊल हलकं, एक जड. बँड थांबला होता, त्यामुळे माझाच आवाज गल्लीभर होता. लोक मागून येत होते. फिल्मवाला यंत्र खांद्यावर घेऊन भिंतीला घासत धावत होता. नाकाला रुमाल कुणीच लावला नाही.

आत्यानं दाराची दुसरी फळीही उघडली आणि चौकटीत उभी राहिली. सुरी हातातच होती.

बेकरीवाला दारासमोर थांबला. त्यानं टोपी काढली.