बापूजी वकिलांची सनद

“बॅग उघडा मॅडम.”

वर्षालीने खांद्यावरची बॅग उतरवून बाबारावांसमोर धरली. त्यांनी तिची वही काढून झटकली, डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं, पुन्हा लावलं.

“बाजूच्या कप्प्यात काय हाय?”

“पेन आहेत काका.”

“दाखवा.”

दोन-तीन पेनं निघाली, खोडरबर निघालं, रेल्वेचा पास निघाला. बाबारावांनी पास उलटा करूनही पाहिला.

“आवो, जाऊ द्या ना पोरीले,” आतून त्यांच्या पत्नी भागीरथाबाई म्हणाल्या. “गाडी सुटून जाईन तिची.”

“गाडी दुसरी भेटते. कागद गेला का भेटत नाई.”

सामान भरून वर्षालीने भागीरथाबाईंकडून आपला मोबाईल परत घेतला आणि स्टेशनचा रस्ता धरला. ती वळणाआड जाईपर्यंत बाबाराव दारात उभे होते. मग त्यांनी लोखंडी पेटीला कुलूप घातलं आणि किल्लीचा दोरा गळ्यात अडकवला.

पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत त्यांची सगळी नोकरी गेली होती. सकाळी फाटकाशी दोन्ही हात वर करून उभं राहायचं, खिशात काडेपेटी नाही, विडी नाही हे दाखवायचं, मग आत जायचं. सुरुवातीला राग यायचा. पुढे सवय झाली. निवृत्त झाल्यावर मात्र असं झालं की झडती घेतल्याशिवाय त्यांना कोणाबद्दल खात्रीच वाटेना. भाजीवाल्याचा काटा ते स्वतः पाहायचे. सिलिंडरचं सील अंगठ्याने दाबून बघायचे. पण पेटीबद्दलचा संशय डेपोतला नव्हता. तो वडिलांकडून आला होता.

पेटीतले कागद बाबारावांच्या आजोबांचे. बापूजी ताकसांडे इंग्रजांच्या अमदानीत वर्ध्याच्या कोर्टात वकिली करत. वेशीबाहेरच्या वस्तीतून काळा कोट घालून निघणारा तो पहिला माणूस. पुढे सरकारने त्यांना म्युनिसिपल कमिटीवरही नेमलं होतं. बाबारावांच्या लहानपणी नागपूरचा एक लेखक घरी आला, जुन्या वऱ्हाड-नागपूरच्या वकिलांवर पुस्तक लिहितो म्हणाला. बाबारावांचे वडील अण्णाजी यांनी त्याला चहा पाजला आणि बापूजींच्या भाषणांचं बाड, शिवाय त्यांचा एकुलता एक फोटो स्वतःच्या हाताने फडक्यात बांधून दिला. ते पुन्हा घरी आलं नाही. अण्णाजी नागपूरला खेटे घालून थकले. लेखक म्हणायचा, मी तर कधीच पाठवून दिलं. काही वर्षांनी पुस्तक निघालं, तेव्हा त्यात बापूजींचं सगळं काम होतं, नाव नव्हतं. ‘एका स्थानिक वकिलाने’ एवढंच छापलं होतं. अण्णाजी मरेपर्यंत त्या ओळीवर बोट ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, “हेच माहे वडील.”

ऐकणारे मान हलवत. खरं कोणाला वाटत नसे. डेपोतही बाबारावांना सोबतचे लोक म्हणत, “तुहा आजा वकील होता? मंग तू कायले पेट्या उचलून राह्यला इथी?”

बाबारावांकडे उत्तर होतं, पण ते घरी, पेटीत होतं. बापूजींची वकिलीची सनद. जाड, पिवळट कागद, वर इंग्रजी मजकूर, खाली गोल शिक्का. डेपोच्या फाटकातून कागद आत नेता येत नसे.

म्हणून वर्षाली पहिल्यांदा आली तेव्हा बाबारावांनी तिला बराच वेळ दारातच उभं ठेवलं होतं.

“आडनाव काय तुमचं?”

“झाडे. गाव गिरड. बाबा शेती करतात. मी वर्ध्याला कॉलेजात पीएच.डी. करते.”

“अन् तुमाले आमच्या आज्याचं काय पडलं?”

“कमिटीच्या एका जुन्या अहवालात त्यांचं नाव दिसलं काका. वस्तीला विहीर बंद ठेवायच्या ठरावाला एकट्यांनी विरोध केला होता. बाकी सगळे एका बाजूला. मला वाटलं, कोण असेल हा माणूस?”

बाबारावांनी तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं आणि चंद्रपूरला शिक्षक असलेल्या मुलाला, रत्नदीपला, फोन लावला. तो म्हणाला, “येऊ द्या बाबा तिले. पेटीतले कागद पेटीतच राह्यले, तं कोनाले समजन तुमचा आजा कोन होता?”

बाबारावांनी येऊ दिलं, पण अटी घातल्या. फोटो काढायचा नाही. मोबाईल भागीरथाबाईंजवळ राहील. कागद बाहेरच्या खोलीतच वाचायचे, आणि समोर खुर्ची टाकून ते स्वतः बसणार. वर्षाली कबूल झाली. ती खाली चटईवर बसून वाचायची, वहीत उतरवायची, आणि इंग्रजी कागदात काय आहे ते त्यांना मराठीत सांगायची.

ती सांगते ते खरं की अर्धवट, हे कळायला मार्ग नव्हता. बाबारावांनी एक युक्ती केली. शाळेच्या व्हरांड्यात बसवल्या जाणाऱ्या पोरांबद्दल बापूजींनी साहेबाला लिहिलेला एक कागद तिने वाचून दाखवला होता. चार दिवसांनी त्यांनी तोच कागद पुन्हा तिच्यासमोर सरकवला.

“हे वाचा बरं.”

तिने वाचला. बाबाराव पुढे झुकले.

“त्या दिवशी तुमी ‘विनंती करतो’ मनलं होतं. आज ‘अर्ज करतो’ मनून राह्यल्या. काऊन?”

वर्षाली हसली. “शब्द एकच आहे काका. दोन्ही अर्थ होतात.”

“हसू नोका. मले सांगा, आज्यानं विनंती केली का अर्ज केला?”

ती हसायची थांबली. पुन्हा एकदा कागद नीट पाहून म्हणाली, “अर्ज. बापूजी वकील होते. ते विनंती नसते करत.”

बाबाराव मागे टेकले. उत्तर त्यांना आवडलं होतं, पण चेहऱ्यावर त्यांनी ते येऊ दिलं नाही.

एके दिवशी एक लहानसं पत्र निघालं. कमिटीच्या अध्यक्षांना लिहिलेलं. वर्षालीने वाचलं: बैठकीत माझी खुर्ची दाराशी, सर्वांपासून वेगळी ठेवण्यात येते. त्याबद्दल माझी वैयक्तिक तक्रार नाही. परंतु पावसाचे पाणी आत येऊन माझ्या हातातील कमिटीचे कागद भिजतात. सरकारी कागदांचे नुकसान होऊ नये एवढ्याकरिता तरी खुर्ची आत घेण्याची व्यवस्था व्हावी.

“पुन्हा वाचा,” बाबाराव म्हणाले.

तिने वाचलं.

“आणखी एक डाव.”

या वेळी ते तिची परीक्षा घेत नव्हते. डोळे मिटून ऐकत होते. दुपारची वेळ, पंखा हळू फिरत होता, आणि ऐकता ऐकता खुर्चीतच त्यांचा डोळा लागला. भागीरथाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा नवरा झोपलेला होता, पेटी उघडी होती आणि ती परकी मुलगी वाकून कागद चाळत होती. त्यांनी चहा ठेवला, खाकरून नवऱ्याला उठवलं आणि आत गेल्या.

दोन दिवसांनी त्या बहिणीच्या मुलीच्या बाळंतपणासाठी देवळीला निघून गेल्या.

त्या गेल्या त्याच दिवशी वर्षाली येण्याआधी बाबारावांनी पेटी उघडली. सनद सगळ्यात वर, वर्तमानपत्राच्या घडीत असायची. घडी होती. आत काही नव्हतं.

त्यांनी पेटी रिकामी केली. एकेक कागद झटकला. पेटी उलटी करून बुडाशी थापटलं. सनद नव्हती. भागीरथाबाईंना फोन करून विचारावं असं त्यांच्या मनात एकदाही आलं नाही. ज्याला खात्री असते तो कोणाला विचारत नाही. झडती घेऊनही पोरीनं नेली कशी, एवढंच त्यांना कळेना.

त्यांनी दाराला कुलूप लावलं, समोरून येणाऱ्या वर्षालीकडे न पाहता स्टेशन गाठलं आणि वर्ध्याच्या गाडीत बसले. कॉलेजात विचारत विचारत ते तिच्या विभागात पोचले. टेबलामागे विभागप्रमुख सर होते, दोन-तीन मुलं पुस्तकं घेऊन उभी होती.

“तुमच्या वर्षाली झाडेनं माह्या घरून चोरी केली,” बाबाराव दारातूनच म्हणाले. “माह्या आज्याची सनद नेली. पंधरा दिवसात वापस भेटली नाई तं मी पोलीस ठेसनात जातो.”

सरांनी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. थोड्या वेळाने वर्षाली धापा टाकत आली. पुढच्या गाडीने ती त्यांच्या मागोमाग परतली होती. काय झालं ते तिने ऐकून घेतलं. मग कोणी न सांगता बॅग सरांच्या टेबलावर पालथी केली. वह्या, डबा, ओढणीची पिन, सगळं टेबलभर पसरलं.

“बघा काका. नेहमी बघता ना, आजही बघा.”

“आज काय पाहू? नेला तो कागद तुमी आज घेऊन फिरान का?”

वर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती खाली वाकून घरंगळलेलं पेन उचलू लागली. सरांनी नाइलाजाने सांगितलं की हे प्रकरण मिटेपर्यंत तिने ताकसांड्यांचं काम थांबवावं. उभी असलेली मुलं एकमेकांकडे पाहत बाहेर गेली. बाबाराव परतीच्या गाडीत बसले तेव्हा त्यांना वडिलांची आठवण झाली. अण्णाजी असेच हात हलवत नागपूरहून परत यायचे.

आठवड्याने भागीरथाबाई आल्या. त्यांनी पायांवर पाणी घेतलं नाही तोच बाबारावांनी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्या ओट्याच्या कडेला टेकल्या.

“तिनं नाई नेली,” त्या म्हणाल्या.

“तुले काय मालूम?”

“मीच काढून ठेवली.”

बाबारावांचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला.

“त्या दिवशी तुमचा डोळा लागलता. ते एकटीच पेटीपाशी होती. माह्या जिवाले धाक पडला. तुमीच तं रोज म्हनत होते, एक दिवस घेऊन जाईन पोरगी. म्या मनलं, बाकी जाईन तं जाईन, सनद नाई गेली पायजे. तुमी आंघोळीले गेले, किल्ली खुटीले होती…”

“मंग मले सांगितलं काऊन नाई?”

“सांगितलं असतं तं तुमी ते पुन्हा पेटीतच ठेवली असती. वापस आल्यावर सांगीन मनलं.”

त्या स्वयंपाकघरात गेल्या. वरच्या फळीवर पाहुण्यांसाठीच्या गोधड्या रचून ठेवल्या होत्या. त्यांनी मधली ओढून काढली आणि जमिनीवर उलगडली. घडीतून आधी कापसाचे बोळे पडले, मग उंदराच्या लेंड्या, मग पिवळे कपटे. काही कपट्यांवर एखादं इंग्रजी अक्षर होतं. शिक्क्याची थोडीशी कड एका तुकड्यावर शिल्लक होती.

भागीरथाबाईंनी तोंडाला पदर लावला. बाबाराव गुडघे टेकून खाली बसले आणि कपटे वेचू लागले. बायकोला दोष तरी कसा द्यायचा? तिचा संशय त्यांच्याच तोंडून आलेला होता.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वर्ध्याला गेले. सर होते. वर्षालीला बोलावणं धाडलं. ती आली आणि दाराजवळच्या कपाटाशी उभी राहिली. त्या दिवशीच्या मुलांपैकी एक जण तिथे होता. तो उठून जाऊ लागला, तर बाबारावांनी त्याला हाताने थांबवलं.

“बस बापा. त्या दिवशी ऐकलं, तं आजही आयक.” मग सरांकडे वळून ते म्हणाले, “सनद माह्या घरीच होती. या बाईनं नाई नेली. म्या खोटा आळ घेतला. चुकलं माहं.”

बाबारावांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून टेबलावर ठेवली. वर्षाली हळूहळू पुढे आली. आतले कपटे पाहून तिच्या तोंडून “अरे देवा” एवढंच निघालं. पेनाच्या टोकाने तिने शिक्क्याची कड वेगळी केली. मग तिने बॅगेतून वही काढली.

“मी पहिल्याच दिवशी पूर्ण उतरवून घेतली होती,” ती सरांना म्हणाली. बाबारावांकडे तिने अजून पाहिलं नव्हतं. “ओळ न् ओळ. शिक्क्याच्या आतली अक्षरंसुद्धा.”

पानभर इंग्रजी मजकूर होता. खाली पेन्सिलीने काढलेलं वर्तुळ.

सरांनी चष्मा लावून ते पान वाचलं. “मूळ कागद नसताना नुसत्या नकलेला फारसा अर्थ नाही,” ते म्हणाले. “मूळ ज्यांनी पाहिलं आहे, त्यांनी खाली तसं लिहून सही केली, तर निदान नोंद राहील.”

“मी पाह्यलं,” बाबाराव म्हणाले. “लहानपनापासून पाहून राह्यलो.”

वर्षालीने वही त्यांच्याकडे वळवली आणि मजकुराखाली मराठीत लिहायला घेतलं. ‘मूळ सनद मी पाहिली आहे. ती आता नष्ट झाली आहे.’ तिथे तिचा हात थांबला. पहिल्यांदाच तिने त्यांच्याकडे पाहिलं.

“कशी नष्ट झाली तेही लिहावं लागेल काका. उंदरांनी खाल्ली, असं लिहू?”

बाबारावांनी नकाराची मान हलवली.

“उंदराले काय समजते? त्याच्यावर नोका टाकू. घरच्याइनं शक घेऊन लपवली, त्यातच गेली. तसंच लिहा.”

तिने तसंच लिहिलं.

“मंग, येसान का आता घरी?” बाबारावांनी विचारलं. “पेटी हाय अजून. लय कागद हायेत.”

“घरी नाही येणार काका,” वर्षाली म्हणाली. आवाजात राग नव्हता. “कागद इथे आणलेत, तर इथे बसून वाचीन. तुम्हीही बसा समोर.”

“आनतो,” ते म्हणाले.

सरांनी खिशातलं शाईचं पेन काढून दिलं. पगाराच्या कागदावर बाबाराव आयुष्यभर आडनावापुरती एक रेघ ओढत आले होते. आज त्यांनी खुर्ची जवळ घेतली, कोपर टेकवलं आणि एकेक अक्षर जोडत पूर्ण नाव लिहिलं. बाबाराव अण्णाजी बापूजी ताकसांडे.

शाई ओली होती. वर्षालीने वही लगेच मिटली नाही.