चाल लागली की उभं राहायचं

आलोइस व्राबेट्झने हातातली छडी स्टँडवर आपटली.

“बसा! सगळे खाली बसा!”

वाद्यवृंद ओशाळून बसला. झापलेताल नावाचा सेलोवाला मात्र उभाच.

“मास्तर, सम्राटांच्या गीताची चाल लागली की उठायचं, हे शाळेत मार खाऊन शिकलोय. पाय ऐकत नाहीत आता.”

“अरे, गीत नाही, वॉल्ट्झ आहे हा! नाचायचा! चाल फक्त शेवटाकडे येते, आठ आवर्तनं.”

“पण येते ना?”

हॉलच्या मधोमध फरशी पुसणारी बाईसुद्धा ओलं फडकं धरून ताठ उभी होती. व्राबेट्झने कपाळ चोळलं. सम्राटांच्या राज्यारोहणाच्या वर्धापनदिनासाठी त्याने हा वॉल्ट्झ रचला होता आणि दरबाराने अर्पण स्वीकारलंही होतं. आज संध्याकाळी तो रंगला, तर व्हिएन्नातले मोठे हॉल बोलावणार. नाही तर जन्मभर उपनगरातली लग्नं. पण ऐन गिरकीत सगळी माणसं खांबासारखी थांबली, तर रंगणार काय, कपाळ?

दारात पोलीस कमिशनर प्योशल टोपी काढून उभा होता. चाल थांबल्यावर त्याने टोपी घातली आणि तो पुढे आला.

“छान आहे हो. पण त्या चालीवर कुणी नाचलं, तर तो सम्राटांचा अपमान. मला नावं लिहून घ्यावी लागतील.”

“आणि थांबले तर माझा वॉल्ट्झ पडला! करू काय मी?”

“काढून टाका. एवढंसं तर आहे.”

“साहेब, सम्राटांच्या वॉल्ट्झमधून सम्राटांनाच काढू?”

“सम्राट रागावणार नाहीत. मी रागावेन.”

व्राबेट्झने चाल खर्जात वाजवून पाहिली, झापलेताल उठला. लय वाढवून पाहिली, बाई उठली. शेवटी त्याने निळी पेन्सिल घेतली आणि व्हायोलिनच्या पानांवरून चाल खोडून टाकली. खालची साथ तेवढी राहिली.

“गाणारा मध्येच जेवायला गेला असं वाटतंय,” बासरीवाला पुटपुटला.

“वाटू दे!”

संध्याकाळी हॉल भरला. वॉल्ट्झने पहिल्या गिरकीपासूनच पकड घेतली. मग ती जागा आली. व्हायोलिनवाल्यांनी गज खाली घेतले, नुसती साथ झुलत राहिली आणि व्राबेट्झने मान खाली घातली.

कुणी थांबलं नाही. पावलं फरशीवर घासत होती आणि त्या आवाजाखालून काहीतरी गुणगुणल्यासारखं येत होतं. आधी एका कोपऱ्यातून, मग सगळीकडून. ओठ बंद ठेवून माणसं ती चाल भरत होती. झापलेताल खुर्चीतून अर्धा उठला. व्राबेट्झने डोळे वटारले, तसा बसला.

व्राबेट्झने खांद्यावरून मागे पाहिलं. प्योशल बायकोला घेऊन गिरक्या घेत समोरून गेला. त्याचे डोळे मिटलेले होते, मिशा थरथरत होत्या आणि एकही सूर चुकत नव्हता.

आवर्तनं संपली. व्हायोलिनवाल्यांनी शेवटासाठी गज उचलले. व्राबेट्झने डाव्या हाताने त्यांना थोपवलं आणि हवेत बोट फिरवलं: पुन्हा, तिथूनच.