बापाची लाथ

“माणसाचा खरा वारसा रक्तात असतो, आणि रक्त कधी पक्षपात करत नाही!” धाकट्याने जाहीर केलं. जाहीर करताना तो पलंगाखाली शिरलेला होता आणि थोरल्याने झोपेत लाथ मारून फोडलेल्या दिव्याच्या काचा सुपलीत भरत होता.

“पक्षपात कसा नाही? हे अगदी मामंजींवर गेलेत,” वहिनी सुजलेला दंड चोळत कौतुकाने म्हणाली. धाकट्याच्या पोटात दुखलं.

वडीलही स्वप्नातली भांडणं पलंगावर हातापायांनी मिटवायचे. पुढे त्यांना कंपवात झाला आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्या हाताला शर्टाचं बटणही लावता येईना. झोपेतल्या लाथा ही कधीकधी कंपवाताची आगाऊ वर्दी असते, म्हणून आता थोरल्यानेही लाथा झाडायला सुरुवात केल्यावर झोपेच्या डॉक्टरीणबाईंनी अख्ख्या घराण्याची जनुकं तपासायला घेतली. वडिलांचं दुकान थोरल्याला, वडिलांचं नाक थोरल्याला, आता आजारही थोरल्यालाच! धाकट्याच्या वाट्याला काय, तर ‘तुलनेसाठी निरोगी भाऊ’ ही पदवी. त्याने रक्त दिलं ते दातओठ खात.

नंतर बाईंनी दोघांनाही डोक्याला तारा चिकटवून आपल्या झोप-तपासणी केंद्रात रात्रभर झोपवलं. धाकट्याने तिथे जीव तोडून लाथा मारल्या. मध्येच “थांब चोरा!” अशी आरोळीही ठोकली.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी दोघा भावांना आणि वहिनीला समोर बसवलं.

“लाथा छान होत्या,” त्या धाकट्याला म्हणाल्या. “पण मेंदूची नोंद सांगते, तुम्ही टक्क जागे होतात.”

“अहो भावोजी!” वहिनीला हसू आवरेना.

“झोपेचा विकार तुमच्या भावालाच आहे,” बाई पुढे म्हणाल्या. “मात्र वडिलांच्या जपून ठेवलेल्या रक्तात जनुकाचा जो बदल सापडला, तो यांच्यात नाही. तो तुमच्यात आहे.”

थोरल्याचा चेहरा खर्रकन उतरला. “म्हणजे बाबांचं ते याच्याकडे गेलं? आणि मी काय मग उगाच लाथा मारतोय?”

“ही काही वाटणी नव्हे हो! हा बदल असलेल्या बऱ्याच जणांना कंपवात कधीच होत नाही. तुमच्या या धाकट्या भावाला धोका थोडा जास्त, इतकंच. खरं लक्ष आम्हाला तुमच्या झोपेवर ठेवावं लागणार.”

“बघ, यांचं लक्ष तरी माझ्यावरच आहे,” थोरला पुटपुटला. पण त्यात काही दम नव्हता.

जन्मात पहिल्यांदाच धाकट्याने दादावर बाजी मारली होती. तो ऐटीत मागे रेलला. मग त्याने मांडीवरच्या आपल्या हाताकडे पाहिलं. हात स्थिर होता. त्याने पुन्हा पाहिलं.

“घे, नाच आता,” थोरला म्हणाला. “मिळालं ना बाबांचं?”

धाकटा नाचला नाही. खुर्ची सरकवून तो दादाला खेटून बसला.

“दादा, कानामागे तो तारांचा गोंद राहिलाय. जरा काढून दे ना.”