तळघरातली तिघांची बैठक

सन १९३८, ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. मका काढून झाला होता आणि पहिलं बर्फ पडायचं होतं, तेव्हा मला हाउगेन गावच्या शाळेच्या तळघरात आणलं. आणलं ते तुकड्यांनी. बिडाचे जड भाग जिन्यावरून एकेक करून उतरवले आणि इथंच एकमेकांना जोडले. तळघराचं दार माझ्यापेक्षा लहान आहे. आलो तसाच जाणार.

मी हाउगेनचा बॉयलर बोलतोय. आधी कोळसा खायचो, पुढं तेलावर आलो. पाण्याची वाफ करायची आणि पाइपांतून वर पाठवायची, एवढंच माझं काम. शिक्षण नाही. पण ज्या पाइपांतून वाफ वर जाते, त्यांतूनच माणसांचं बोलणं खाली येतं. वर्गांतलं येतं, स्वयंपाकघरातलं येतं, जिममधलं येतं. आणि महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी शाळेचं मंडळ ग्रंथालयात बसतं, तेही सगळं येतं. सत्तर वर्षांवर ऐकतोय. अजून कुतूहल फिटलेलं नाही.

ही शाळा पाच माणसं चालवतात. गावानं निवडून दिलेली. कोणी शेतकरी, कोणी न्हावी, कोणी पोस्टातली बाई. पगार नाही, शिव्या भरपूर. हेडमास्तर नेमायचा त्यांनी, बस कुठल्या वळणावर थांबायची ते ठरवायचं त्यांनी, माझं तेल मंजूर करायचं तेही त्यांनीच. पैसा येतो जमिनीवरच्या करातून, आणि राज्याकडून पोरांची डोकी मोजून. चार पोरांचं एक घर गाव सोडून गेलं की वर एक मास्तर अर्ध्या दिवसाचा होतो. त्यामुळे कोणाच्या अंगणात सामान भरलेला ट्रक उभा राहिला की मंडळाचा जीव खालीवर होतो.

निकालांची तऱ्हा आणखी वेगळी. राज्य दरवर्षी सगळ्या शाळांचे निकाल छापतं. आमच्या चौथीत चार मुलं. परीक्षेच्या दिवशी एकाला ताप आला की वर्ग पंचवीस टक्क्यांनी खाली. पुढच्या वर्षी कोणाला ताप आला नाही की शाळा सुधारली. वरची माणसं दोन्ही वेळा सारख्याच गंभीर आवाजात चर्चा करतात. मला कळत नाही. पण मी बॉयलर आहे.

सगळ्यात जास्त नवल वाटलं ते तिघांच्या नियमाचं. पाचांपैकी तिघं एका जागी आले आणि शाळेचं बोलले, की ती बैठक झाली. आणि बैठकीची सूचना एक दिवस आधी शाळेच्या दारावर चिकटवलेली पाहिजे, म्हणजे ज्याला ऐकायचं असेल त्याला येता येईल. गावात कॉफी प्यायला हॉटेल एकच. दोन सभासद तिथं बसलेले असतात, तेवढ्यात तिसरा आत येतो. लगेच आधीच्या दोघांतला एक जण आपला कप उचलतो आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसतो. कोणी त्याला उठ म्हणत नाही. कोणी हसतही नाही. आमचा शिपाई लॉइड हेगे डबा खाताना मला हे सांगतो. मयतीनंतरच्या जेवणाला आणि लग्नाच्या जेवणालाही ही माणसं अशीच टेबलं बदलतात म्हणे.

आता देण्याचं सांगतो. पैशाचं नाही.

१९६९च्या जानेवारीत थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठत होती. त्या थंडीत माझा एक भाग तडकला. नवा भाग ओतून यायला सहा आठवडे लागले. बारा मैलांवर कोलिन आहे. आम्ही नॉर्वेहून आलेल्यांची पोरं, ते चेक लोकांची. बास्केटबॉलमध्ये पिढ्यांचं हाडवैर. त्या कोलिननं आमची सगळी पोरं आपल्या शाळेत घेतली. एका बाकावर दोघं बसवली. दुपारी आपल्या पोरांच्या पंक्तीत जेवू घातलं, वर खसखशीचे गोड पाव दिले. बदल्यात काही मागितलं नाही.

फक्त त्या वर्षापासून एक सुरू झालं. सामन्यात आमचा पोरगा फ्री थ्रो टाकायला, म्हणजे एकट्यानं मोकळा चेंडू टोपलीत टाकायला, उभा राहतो. जिम शांत होतं. आणि कोलिनच्या बाकांवरून कोणीतरी अगदी मायेनं विचारतं, "काय रे, गार लागतंय का?"

मग त्यांची सगळी बाकं हसतात. बेचाळीस वर्षं हे चाललं. तडकलो मी, आणि ऐकून घेतलं पोरांनी.

कोलिनला गेलेल्या त्या पोरांत दुसरीतली एक मुलगी होती, अर्डिथ ट्व्हेट. आज ती मंडळाची अध्यक्ष आहे. तो टोमणा तिला फार झोंबतो असं लॉइड सांगतो. पण त्याहून जास्त तिला ते देणं बोचायचं. इतकी वर्षं हाउगेननं कोलिनचं कधी काही केलं नव्हतं. करायची वेळच आली नव्हती.

वेळ आली २०११च्या जानेवारीत, आणि नको तेव्हा आली. गाव जास्तीच्या शाळा-करावर मत देणार होतं, एक महिन्यानं. कर मंजूर झाला तर नवा बॉयलर आणि शाळा चालू. नामंजूर झाला तर दोन वर्षांत शाळेला कुलूप, आणि पोरं चाळीस मैलांवरच्या मोठ्या गावात. अशा वेळी एका शनिवारी पहाटे बर्फाच्या भारानं कोलिनच्या शाळेचं छप्पर खाली आलं. आत कोणी नव्हतं, हे नशीब.

रविवारी चर्च सुटल्यावर अर्डिथ तळघरात आली. आमचा वरचा मजला पोरं कमी झाल्यामुळे चौदा वर्षं बंद होता. तिथं वाफ चढेल का, एवढंच तिला बघायचं होतं. गेलन मो हा दुसरा सभासद तिच्याबरोबर होता. शेतकरी माणूस, पाइपांतलं कळतं. लॉइडनं दिवा धरला आणि गेलननं वरच्या मजल्याच्या व्हॉल्व्हला पाना लावला. चौदा वर्षांचा गंज. व्हॉल्व्ह अर्धा फिरला आणि अडकला. पाना सोडला असता तर उकळतं पाणी तोंडावर आलं असतं.

तेवढ्यात कोरीन फॉसे, पोस्टातली बाई, तीही सभासद, केकचा डबा घेऊन जिना उतरली. हॉटेलात असता तर गेलन कप घेऊन उठला असता. इथं कसा उठणार?

"गेलन, बाहेर हो," अर्डिथ म्हणाली.

"हात भाजायला तू येतेस का इथं?"

कोरीननं परत जावं, तर तिला कोलिनचं ऐकायचं होतं. ती एका पायरीवर उभी राहिली. जणू पायरी तळघरात धरत नाहीत. व्हॉल्व्ह फिरला. बऱ्याच वर्षांनी माझा श्वास वरच्या मजल्यापर्यंत गेला. तिघं खूश झाली आणि भान हरपलं. सकाळीच बस येऊ दे, असं ठरलं. अर्डिथनं भिंतीवरच्या फोनवरून कोलिनच्या मंडळाचा अध्यक्ष रूडी ख्मेल्का याला कळवलंसुद्धा.

मग जिन्यावर काठी वाजली. इंग्वाल्ड रास्क. वय शहात्तर. मंडळाची एक बैठक चुकवत नाही, पहिल्या रांगेत स्वतःची उशी घालून बसतो आणि प्रत्येक खर्चाला हरकत घेतो. बाहेर त्याला तिघांच्या तीन गाड्या दिसल्या होत्या. या गावात कोणाची गाडी कुठली हे पोरंही सांगतात.

त्यानं काठीनं एकेकाकडे दाखवलं. "एक. दोन. तीन. छान बैठक चाललीय. सूचना कुठल्या दारावर लावलीत?"

अर्डिथ म्हणाली, "मिस्टर रास्क, छप्पर पडलंय त्यांचं."

"मला कळतं छप्पर म्हणजे काय. तुमचं ठरलेलं रद्द आहे, पोरी. उद्या कोणीही उठून कोर्टात जाईल आणि पोरांना परत धाडेल. कागद लाव दारावर. उद्या संध्याकाळी बैठक घे."

"बस सकाळी निघणार आहे."

"मग थांबव."

अर्डिथला पुन्हा फोन करावा लागला. तिचा आवाज इतका खाली गेला की मला नीट ऐकू आला नाही. फोन ठेवल्यावर रूडी काय म्हणाला, असं गेलननं विचारलं. ती म्हणाली, "म्हणाला, आमच्या बापांनी तुम्हाला थांबवलं नव्हतं."

केक तसाच राहिला. पुढं तो लॉइडनं खाल्ला.

सोमवारी ग्रंथालयात बसायला जागा नव्हती. लोकांनी काय काय म्हटलं ते सगळं सांगत नाही. एकाचं म्हणणं, तोंडावर कराचं मतदान आहे, आणि त्यात परक्यांच्या पोरांसाठी वरचा मजला तापवताय, मग कोण मत देईल? दुसरा म्हणाला, बेचाळीस वर्षं आपल्याला विचारतायत ना, गार लागतंय का, तर आता त्यांना लागू दे. यावर बरेच हसले. त्या हसण्यानं मला अर्डिथची काळजी वाटली.

मग रास्कची काठी वाजली आणि खोली गप्प झाली. सगळ्यांना वाटलं, आता हा मोडता घालणार.

"एकोणसत्तरात मी या मंडळावर होतो," रास्क म्हणाला. "तेव्हा कोलिनलाही तुमच्यासारखी माणसं होती. तिसऱ्या आठवड्यात ती उठली. म्हणाली, हाउगेनची पोरं हाकला. हाकलता आलं नाही. कारण त्यांच्या पाच जणांनी वादळात दारावर कागद लावला होता, एक दिवस थांबून रीतसर बैठक घेतली होती, आणि ठराव असा केला होता की कोणाला बोट ठेवायला जागा नाही. आपली पोरं त्या ठरावामुळे सहा आठवडे उबेत राहिली. म्हणून बस थांबवली. आता मत घ्या. आणि नीट लिहा."

पाचही हात वर झाले, असं चिटणीसानं वाचून दाखवलं.

मंगळवारी सकाळी कोलिनच्या बस आल्या. वरच्या मजल्यावर चौदा वर्षांनी पावलं वाजली. दुपारपर्यंत माझ्या प्रत्येक रेडिएटरवर ओले हातमोजे वाळत पडले होते. कुठले कोलिनचे, कुठले हाउगेनचे, मला तरी कळलं नाही. सगळ्यांना वास सारखाच, भिजलेल्या लोकरीचा.

कर थोडक्यात मंजूर झाला. आपण विरोधात मत दिलं, असं रास्क स्वतःच सांगत फिरतो.

त्यामुळे शाळा सुटली की जूनमध्ये मला तोडतील. तक्रार नाही. लोखंडाचं काम झालं की लोखंड जातं. एकच विनंती आहे. नवा येईल त्याला वरच्या मजल्याचा व्हॉल्व्ह बंद करू देऊ नका. गंज चढतो.

आणि त्या सामन्याचं राहिलं. फेब्रुवारीची अखेर. कोलिनकडे आता जिमही नव्हतं, म्हणून त्यांचा घरचा सामना आमच्याच जिममध्ये. दोन्ही गावं भरून आलेली. शेवटच्या मिनिटाला कोलिनचा एक पोरगा फ्री थ्रो टाकायला उभा राहिला. जिम शांत झालं.

हाउगेनची बाकं भरलेली होती. पहिल्या रांगेत उशीवर रास्क, असं लॉइड सांगतो. त्याच्या मागं अर्डिथ, आणि तिच्यापासून बरंच लांब गेलन आणि कोरीन. बेचाळीस वर्षांचा प्रश्न सगळ्यांच्या तोंडात होता. मी वाफ धरून ऐकत राहिलो.

कोणी काही विचारलं नाही.