मॅन्सीचे माप

मत्सराला साक्षीदार लागत नाही. साक्षही तोच देतो आणि न्यायासनावरही तोच बसतो. शेटलंडमधल्या येल बेटावर राहणाऱ्या ऑस्लाच्या अंतःकरणात त्याने असे न्यायासन मांडले होते, आणि आरोपी होती तिची भावजय इनगा.

आई गेली तेव्हा धाकटा भाऊ मॅन्सी सहा वर्षांचा होता. तेव्हापासून त्याच्या अंगावरचा प्रत्येक स्वेटर ऑस्लाच्या हातचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या लग्नासाठी तिने हिवाळाभर बसून निळा-करडा स्वेटर विणला होता. यंदा तो दिसेनासा झाला. रविवारी मॅन्सी प्रार्थनेला आला तो इनगाने विणलेला तपकिरी स्वेटर घालून. त्या दिवशीचे एकही स्तोत्र ऑस्लाच्या कानात शिरले नाही.

दुसऱ्याच सकाळी ती भावाच्या दारात उभी राहिली.

"माझा स्वेटर कुठाय गं?"

"पेटीत आहे, वन्सं. मॅन्सीला घट्ट होतो."

"घट्ट होतो? मापानं विणलाय मी! कढत पाण्यात बुचकळलास ना?"

"नाही हो, कोमटच घेते मी."

"मला शिकवू नकोस. लोकरीला मासळीसारखे खवले असतात. कढत पाण्यात घालून चोळली की ते एकमेकांत अडकतात, मग कोणाच्या बापाला सुटत नाहीत. हे तुला ठाऊक नव्हतं, की माझ्या स्वेटरपुरतं विसरलीस?"

इनगाने पेटी उघडून स्वेटर ऑस्लाच्या हातात ठेवला. "चढवा तुमच्या चौकटीवर. ती काही माझी सवत नाही, खरं तेच सांगेल."

धुतलेला स्वेटर ताणून वाळवायची लाकडी चौकट त्या बेटावर घरोघरी असे. ऑस्लाच्या चौकटीच्या खुंट्या मॅन्सीच्या लग्नात त्याच्या मापाला बसवलेल्या, त्यानंतर कोणी हलवल्या नव्हत्या. घरी येऊन तिने कोमट पाण्यात साबण विरघळवून स्वेटर भिजवला, न पिळता पंच्यात दाबला आणि चौकटीवर चढवू लागली. तो वीतभर अपुरा पडावा, अशी तिची जवळजवळ प्रार्थनाच होती.

स्वेटर अलगद बसला. छाती खुंटीला टेकली, मनगटे टोकाशी आली. टाका न् टाका मोकळा होता. ज्या हातांनी तो दोन वर्षे धुतला होता, ते ऑस्लाच्या हातांइतकेच जपणारे होते.

एवढ्यात मॅन्सी दारात येऊन घुटमळला. "ताई, तिच्यावर नको चिडू. स्वेटर नाही आटला, मी सुटलोय. तिचे ते लोण्यात भिजवलेले बॅनॉक रोट..."

"मग बोलला का नाहीस?"

"तू म्हणाली असतीस, माझ्याकडे काय उपाशी होतास?"

"म्हणालेच असते," ऑस्ला म्हणाली.

वीस वर्षे भावाचे माप तिला तोंडपाठ होते. ते आता दुसऱ्या बाईला ठाऊक होते, तिला नव्हते. हे शल्य तिने गिळले नाही, नुसते ओळखले. मग म्हणाली, "जा, तिला बोलाव."

इनगा आली, पण उंबऱ्याशीच थांबली.

"छातीच्या खुंट्या किती सरकवू?" ऑस्लाने विचारले.

"दोन भोकं. बाह्या राहू द्या तशाच."

एक खुंटी ओलीने फुगून बसली होती. इनगाने आत येऊन खालून दगडाने ठोकली, ऑस्लाने वरून ओढली. मग दोघींनी दोन्ही बाजूंनी ओली लोकर बोटबोट ताणली.

"सावकाश," ऑस्ला म्हणाली. "ओढाताण केली की लोकर डूख धरते."

"आणि माणसं?"

ऑस्लाने शेवटची खुंटी बसवली. "चुकले मी, इनगा," ती खुंटीकडे बघतच म्हणाली.

"चहा टाकू का, वन्सं?" इनगाने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता चुलीकडे वळली.

चौकट अंगणात उभी राहिली. वाऱ्याने स्वेटर भरला, छाती रुंद झाली. तो स्वेटर ज्याच्या अंगी चढेल त्याला होडीवर समुद्र सांभाळून घेवो, आणि ज्या दोघींनी तो ताणला, त्यांच्या हातांना एकमेकींची ऊब लाभो.