चंदनच्या घराचं एलिव्हेशन

चंदनला गावात कोणी इंजिनिअर म्हणत नव्हतं, म्हणून तो मनातल्या मनात स्वतःच स्वतःला म्हणायचा. नोकरी शहाद्याच्या कॉलेजात कारकुनाची. पण सुरतेला मेहुण्याकडे गेला असताना एका मोठ्या कचेरीच्या दर्शनी भागाला, म्हणजे एलिव्हेशनला, वरपासून खालपर्यंत विणलेली स्टीलची जाळी त्यानं बघितली आणि गडी तिथंच खलास झाला. झालं! प्रकाशा गावात, देवळाच्या रस्त्याला त्याचं नवं घर उठत होतं. त्यालाही जाळीच पाहिजे. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हे, पण तेव्हा त्याला फक्त मोती दिसत होता.

जुनं घर पाडलं तेव्हापासून आई, गजराबाई, अक्कलकुव्याला लेकीकडे राहत होती. जाताना म्हणाली होती, "घर बांधी ले. माले करमनं ते ऱ्हासू, नही ते पोरगीकडे मी सुखी शे." मुलगा धडधाकट असताना आई जावयाच्या दारी राहिली तर गाव काय म्हणेल, ही चंदनला धास्ती होतीच. त्याहून खरं म्हणजे आईवाचून त्याला घास गोड लागत नव्हता.

म्हणून तर त्यानं जुना ओटा शाबूत ठेवला. गजराबाईचे गुडघे गेले होते, ओटा हेच तिचं गाव. संध्याकाळी तिथं बसून देवळात जाणाऱ्याला हाक मारायची आणि चहा पाजल्याशिवाय सोडायचं नाही, हा तिचा नेम. चंदननं ओट्याला गुळगुळीत फरशी बसवली, पायऱ्या बाजूला नेल्या आणि पुढून अख्खी जाळी ताणली. "बाहेरून आतलं काही दिसणार नाही, आतून बाहेरचं सगळं दिसेल," असं जाळी बसवणारा फॅब्रिकेटर म्हणाला तेव्हा त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. गावकरी विचारायचे, "चंदनभाऊ, खुराडं ते झायं, कोंबड्या कवय आनशी?" हसा लेको, अडाणी कुठले, असं मनात म्हणत तोही हसायचा.

घर पुरं झालं आणि एका भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, रिक्षातून आई आली. जाळीवरून हात फिरवला, "चांगली शे," म्हणाली आणि संध्याकाळी ओट्यावर जाऊन बसली. रस्त्यानं तिची जन्माची मैत्रीण फुलवंताबाई निघाली होती.

"ये व फुलवंता, बठ!"

फुलवंताबाई जागच्या जागी थिजली. मागं बघितलं, वर रस्त्याकडेच्या निंबाकडं बघितलं, डोक्यावर पदर ओढला आणि देवळाच्या दिशेनं हात जोडून अशी पळत सुटली की चप्पल निघाली तरी वळली नाही. चंदन पोट धरून हसला. त्याची बायको चेतना हसली. गजराबाईसुद्धा हसली.

मग रोज तेच. ती हाक मारायची, माणसं वळायची, माणूस न दिसता नुसतं चकाकतं स्टील बघून पाय उचलायची. हळूहळू तिनं हाका मारणं सोडलं. "बघ, माय किती शांत झाली," चंदन चेतनाला म्हणाला. एवढा मोठा गाढव कॉलेजच्या कारकुनांत दुसरा नसेल.

एका संध्याकाळी बघतो तर आईची पिशवी भरलेली.

"सकाय यष्टीनं मी पोरगीकडे जास."

"का माय? काय कमी शे?"

"रस्तावर जाय. आनि सांग, मी काय करी ऱ्हायनू."

चंदन रस्त्यावर गेला. समोर स्टील, स्टीलवर ऊन. आई कुठं बसली आहे तेसुद्धा कळेना. आता काय सांगावं? "हासी ऱ्हायनी!" त्यानं ठोकून दिलं.

तो पुढं झाला, डोळ्यांच्या बाजूला हात धरून जाळीला नाक टेकवलं. आई पदरानं डोळे पुसत होती.

आईला सावली मिळावी, धूळ लागू नये म्हणून केलं, असं तो स्वतःला सांगत आला होता. कसली सावली अन् कसली धूळ! सुरतेची ऐट होती ती, आणि त्या ऐटीपायी त्यानं आईला गावातून पुसून टाकलं होतं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तोही शेंदूर फासलेला. तो तडक आत गेला, पान्हा आणला आणि एकेक बोल्ट सोडायला लागला. चेतना म्हणाली, "अहो, मिस्तरी तरी बोलवा!" त्यानं ऐकलं नाही. शेवटी अख्खी जाळी धाडकन रस्त्यावर आली.

आवाजानं देवळातून परतणारी फुलवंताबाई दचकून थांबली. ओट्याकडं बघत राहिली. मग जाळी तुडवत आली आणि गजराबाईचे गाल चाचपायला लागली.

"जित्ती शे का व तू?" तिला रडू फुटलं. "रिकामा ओटावरथून तुन्हा आवाज ऐकू ये. माले वाटनं, तू अक्कलकुवालेच मरी गयी. तुन्हासाठे मी रोज देवळात दिवा लाई ऱ्हायनू!" मग चंदनकडं वळून कडाडली, "आनि ह्या मेल्यानी तेरावं बी नही करं, म्हनीसन याले गावभर शिव्या दी ऱ्हायनू!"



"खरीच मरेल व्हतू," गजराबाई म्हणाली आणि सरकून तिला जागा करून दिली. "बठ. चहा पी."

पान्हा हातात तसाच धरून चंदन चहा ठेवायला आत गेला.