डिझेलचा आळ

नदीमने कागद सत्यशीलाबाईंपुढे सरकवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

"काय लिवलं हाये यात?"

"गाडीच्या कम्प्युटरमध्ये सुधारणा केली, एवढंच. फुकटात हाये बाई."

"पेपरात तर मी वेगळंच वाचलं. गाडीनं तपासणीत धूर कमी दाखवाचा अन् रस्त्यावर निघाली का सोडाचा, असं कंपनीनंच करून ठेवलं होतं म्हनते. खरं हाये का?"

चंद्रपूरच्या त्या सर्व्हिस सेंटरमध्ये नदीमला नऊ वर्षं झाली होती. त्याने होकारार्थी मान हलवली.

"मंग कंपनीले काय शिक्षा झाली?"

"दंड झाला."

"अन् सुकलूले?"

नदीमचं बोट कागदावरून निघालं. सुकलू बाईंचा ड्रायव्हर. भद्रावतीत शाळेची मुलं नेणारी त्यांची गाडी काळा धूर ओकताना आरटीओने पकडली, तेव्हा नदीमनेच गाडीला कम्प्युटर जोडून बाईंना सांगितलं होतं की ड्रायव्हर डिझेलमध्ये रॉकेल मिसळत असेल. तसंच सांगायचं, असं कंपनीकडून वरून आलं होतं. त्याआधी त्याच मॉडेलच्या सात गाड्या तोच धूर सोडत आलेल्या त्याने पाहिल्या होत्या. सातही ड्रायव्हर एकाच वेळी चोर निघत नाहीत, हे त्याला तेव्हाही कळत होतं. बाईंनी सुकलूला त्याच दिवशी कामावरून काढलं.

"त्याले मी वापस बोलावनारच हावो," बाई म्हणाल्या. "पन काऊन काढलं होतं, ते तुम्ही जाऊन सांगा, नदीमभाऊ."

कागद त्यांनी बिनसहीचाच परत केला.

रविवारी दुपारी नदीम भद्रावतीला गेला. सुकलू अंगणात कुंपणाला काटक्या बांधत होता. नदीमला पाहताच तो उठला आणि त्याने हात जोडले.

"मी काई मिसळलं नव्हतं जी, साहेब. पन तुमचा कम्प्युटर म्हनते तर... मले वाटे, माह्याच हातून काई झालं असन."

"कम्प्युटर नाई म्हनला. मी म्हनलो." नदीम जमिनीकडे पाहत बोलला. "गाडी कंपनीतूनच तशी आली होती. मले समजलं होतं."

आता शिवी येईल, असं नदीमला वाटलं; आली असती तर बरं झालं असतं. पण सुकलूने फक्त दाराकडे पाहिलं. आत त्याची बायको शकुबाई भांडी घासत होती.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "हेच जरा मोठ्यानं सांगा. घरचीबी मलेच चोर समजते."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. नदीमने दाराकडे तोंड केलं, घसा खाकरला. "सुकलूनं काई मिसळलं नव्हतं," तो मोठ्यानं म्हणाला. "खोटं मी बोललो होतो."